पहिला रुपया कशावर खर्च करावा? लहान सहकारी बँक आणि सायबर सुरक्षा

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ९.१५

सर्वांना नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातील एका नागरी सहकारी बँकेच्या संचालक मंडळावर आहे. बँकेचे नाव येथे देणे उचित होणार नाही. शाखा नऊ, कर्मचारी सत्तरच्या घरात आणि संगणक विभाग म्हणजे दोन मुले. त्यांपैकी एक जण एटीएममध्ये नोटा अडकल्या की हातातले काम टाकून तिकडे धावतो. गेल्या बैठकीत एका विक्रेत्याने सुरक्षा प्रणालीचे तासभर सादरीकरण केले. पडद्यावर जगाचा नकाशा होता, त्यावर लाल रेषा इकडून तिकडे उडत होत्या आणि शेवटच्या पानावर जो आकडा आला तो पाहून आमच्या अध्यक्षांनी उचललेला चहाचा कप तसाच बशीत ठेवला. वर्षाचा तो खर्च आमच्या दोन शाखांच्या पगाराएवढा होतो.

मंडळात दोन तट पडले आहेत. एक गट म्हणतो, रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत विचारणारच आहेत, तेव्हा घेऊन टाका. दुसरा गट म्हणतो, आपल्यासारख्या तालुक्याच्या बँकेकडे परदेशातले हॅकर कशाला फिरकतील? मला दोन्ही म्हणणी पटत नाहीत, परंतु तिसरे काय ते मला नीट मांडता येत नाही. पुढील बैठक दोन आठवड्यांनी आहे. सध्या जे हल्ले प्रत्यक्षात होत आहेत ते पाहता, आमच्यासारख्या संस्थेने मर्यादित पैशांत पहिला, दुसरा आणि तिसरा खर्च कशावर करावा, हे जाणकारांनी सांगावे. मी वाणिज्य शाखेचा आहे, त्यामुळे तांत्रिक शब्द थोडे उलगडून लिहिल्यास उपकार होतील.

पर्वतीपायथा | सोमवार, रात्री १०.०२

'कशाला फिरकतील' या प्रश्नाचे उत्तर पुण्यात २०१८ सालीच मिळालेले आहे. कॉसमॉस ही तालुक्याची बँक नव्हे, हे मान्य. पण ती सहकारीच. ११ ऑगस्ट २०१८ रोजी दुपारी तीन ते रात्री दहा या सात तासांत २८ देशांतील एटीएममधून बनावट व्हिसा कार्डांवर सुमारे बारा हजार व्यवहार झाले आणि ७८ कोटी रुपये निघाले. भारतात रुपे कार्डांवर २,८४९ व्यवहारांत अडीच कोटी गेले. त्यानंतर सोमवारी, १३ तारखेला सकाळी, स्विफ्टवरून, म्हणजे बँकांनी एकमेकींना परदेशी पैसे पाठवण्याच्या सूचना देण्याच्या जाळ्यावरून, १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्याकडे रवाना झाले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. आपल्या शेजारच्या कोल्हापुरातील एटीएममधूनही त्या दिवशी रोकड निघाली होती, एवढे आपल्या दुसऱ्या गटाला अवश्य सांगा.

हे झाले कसे, ते बँकेच्या भाषेत सांगतो, कारण माझी सारी नोकरी बँकेत गेली, जरी दुसऱ्या. आपण एटीएममध्ये कार्ड घातले की 'पैसे द्यायचे का?' हा प्रश्न स्विच नावाच्या सर्व्हरमार्फत बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जातो, तेथे शिल्लक तपासली जाते आणि होकार किंवा नकार परत येतो. चोरांनी मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, घुसवून या वाटेवर स्वतःचाच एक खोटा स्विच उभा केला. प्रश्न मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचतच नव्हता; पासिंग ऑफिसरच्या खुर्चीत तोतया बसला होता आणि समोर येणाऱ्या प्रत्येक विड्रॉवलवर 'द्या' म्हणून सही करत होता. पुण्याला तोतया नवीन नाही, परंतु सदाशिवरावभाऊंच्या तोतयाची निदान पंचांसमोर चौकशी तरी झाली होती. खातेदारांच्या खात्यांना धक्का लागला नाही. गेले ते बँकेचे स्वतःचे पैसे. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा सुनावली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला आहे.

माझे उत्तर असे की पहिला खर्च नकाशावर करू नका. एटीएमने दिलेली रोकड आणि मुख्य प्रणालीत नावे पडलेली रोकड यांचा ताळमेळ दर तासाला आपोआप लागेल आणि फरक दिसताच कोणाचा तरी फोन वाजेल, यावर करा.

सातबारा | सोमवार, रात्री १०.१०

११ ऑगस्ट २०१८ हा दुसरा शनिवार होता, एवढीच भर घालतो.

लॉगवाचक | मंगळवार, सकाळी ७.४८

सातबारा यांनी एका ओळीत जे सांगितले त्यावर माझा सारा व्यवसाय चालतो. मी एका सुरक्षा देखरेख केंद्रात रात्रपाळी करतो, म्हणजे ग्राहक संस्थांच्या संगणकांवरून येणाऱ्या नोंदी वाचत बसतो.

फेब्रुवारी २०१६ मधले बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे प्रकरण पाहा. चोर गुरुवारी रात्री कामाला लागले, कारण शुक्रवार आणि शनिवार तिथली साप्ताहिक सुटी. पैसे होते न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हमध्ये, जिथे शनिवार-रविवार सुटी. आणि पैसे जायचे होते मनिलाला, जिथे सोमवारी चिनी नववर्षाची सुटी. तीन देशांच्या सुट्या एकापुढे एक मांडून त्यांनी चार-पाच दिवसांची मोकळी वाट तयार केली. सुमारे ९५ कोटी डॉलर हलवण्याच्या ३५ सूचना गेल्या, त्यांतले ८ कोटी १० लाख डॉलर मनिलात पोहोचले. श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी एका संस्थेच्या नावातील 'फाउंडेशन' या शब्दाचे स्पेलिंग चुकल्यामुळे अडले.

मला यातली सर्वांत महत्त्वाची वस्तू वाटते ती म्हणजे प्रिंटर. स्विफ्टचा प्रत्येक संदेश छापणारा प्रिंटर त्या कार्यालयात होता. शुक्रवारी तो बंद असल्याचे लक्षात आले आणि प्रिंटर बिघडणे ही रोजचीच गोष्ट असल्याने कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. चोरांनीच तो गप्प केला होता.

म्हणून कृष्णाकाठ यांना माझा प्रतिप्रश्न आहे. दुसऱ्या शनिवारी रात्री आठ वाजता तुमच्या बँकेतील यंत्रणा काही ओरडली, तर ते ऐकणारे कोण आहे?

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ११.३०

प्रामाणिक उत्तर देतो. आमचा पहारेकरी आहे. त्याच्याकडे शाखाधिकाऱ्यांचा मोबाइल क्रमांक आहे, परंतु तो शटर उचकटले तर फिरवण्यासाठी.

तर्कटी | मंगळवार, दुपारी १२.१५

दोन मोठ्या दरोड्यांच्या कथा सांगून लहान बँकेला घाबरवणे मला रास्त वाटत नाही. स्विफ्ट या बँकेकडे असेलच असे नाही. लहान संस्थेचा खरा धोका रॅन्समवेअर हाच आहे. म्हणजे एके दिवशी सकाळी संगणक सुरू केले की साऱ्या फाइली कुलूपबंद आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी. त्यासाठी कोणी उत्तर कोरियातून नेम धरत नाही. इंटरनेटवर उघडी राहिलेली दारे यंत्रेच शोधत फिरतात आणि जिथे दार उघडे मिळेल तिथे शिरतात. ते दार सांगलीतले आहे की सॅन फ्रान्सिस्कोतले, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. कोल्हापूरच्या भुरट्या चोराला तुमच्या वाड्याचा इतिहास ठाऊक नसतो, कडी लावलेली नाही एवढेच दिसते.

२०२१ मध्ये अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन कंपनीत चोर शिरले ते एका जुन्या व्हीपीएन खात्यावरून, म्हणजे बाहेरून कार्यालयाच्या जाळ्यात येण्यासाठी दिलेल्या खात्यावरून. ते खाते वापरात नव्हते, पण बंदही केलेले नव्हते, आणि त्याला पासवर्डखेरीज दुसरी कडी नव्हती. कंपनीने ७५ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी भरली आणि पूर्व किनाऱ्यावरच्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. त्यामुळे माझा पहिला रुपया प्रत्येक बाहेरील प्रवेशाला दुसरी कडी लावण्यावर, तीही शक्यतो ओटीपीची नव्हे तर संगणकाला लावायच्या छोट्या यूएसबी किल्लीची. आणि दुसरा बॅकअपवर.

जाता जाता, कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणावर एक पैसाही घालवू नये असे माझे मत आहे. माणूस चुकणारच.

हिंजवडी_पाळी | मंगळवार, रात्री ११.५५

तर्कटी यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही, आणि त्याचे कारण अनुभवाचे आहे.

मी काही वर्षे एका परदेशी ग्राहकासाठी हेल्पडेस्कवर होतो. पासवर्ड विसरलेल्या कर्मचाऱ्यांना तो नवा करून देणे हे माझे मुख्य काम. एका रात्री पावणेतीनला एका गृहस्थांचा फोन आला. आपण वित्त विभागाचे अमुक अधिकारी, विमानतळावर आहोत, फोन टॅक्सीत राहिला, वीस मिनिटांत संचालकांची बैठक आहे, तेव्हा पासवर्डही बदलून द्या आणि नव्या मोबाइलची नोंदही करा, असे त्यांचे म्हणणे. कर्मचारी क्रमांक बरोबर, वरिष्ठांचे नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर. मागे विमानतळावरची घोषणा ऐकू येत होती. मी माहिती तपासत असताना तीच घोषणा पुन्हा झाली, तेच विमान, तेच दार. थोड्या वेळाने तिसऱ्यांदा झाली, आणि त्यातल्या बाईंचा खोकलासुद्धा त्याच ठिकाणी आला.

मी म्हटले, 'साहेब, नोंदीतील क्रमांकावर आपल्याला परत फोन करतो.' ते आधी चिडले, मग माझे नाव विचारले, मग अगदी मवाळ होऊन म्हणाले की या कॉलसाठी तुला पूर्ण गुण देईन. मी फोन ठेवला. खऱ्या अधिकाऱ्यांना सकाळी विचारले तेव्हा ते घरी झोपलेले होते.

आता गंमत ऐका. त्या महिन्याच्या आढाव्यात मला ताकीद मिळाली, कारण त्या कॉलला ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेळ लागला होता आणि 'ग्राहकाचे समाधान' झालेले नव्हते. कंपनीचे नाव सांगत नाही. परंतु सप्टेंबर २०२३ मध्ये लास व्हेगासच्या एमजीएम रिसॉर्ट्स या कॅसिनो-हॉटेल कंपनीवर अशाच हेल्पडेस्कच्या वाटेने हल्ला झाला आणि कंपनीला सुमारे दहा कोटी डॉलरचा फटका बसला, हे वाचले तेव्हा त्या ताकीदपत्राची आठवण झाली. माणूस चुकतो हे खरे. पण पुष्कळदा त्याने चुकावे असेच नियम आपण लिहून ठेवलेले असतात.

द्राक्षबाग | बुधवार, सकाळी ६.२०

हिंजवडी_पाळी यांच्या 'परत फोन करतो' या तीन शब्दांची किंमत मला एका कंटेनरएवढी पडली आहे.

आम्ही निफाडकडचे, द्राक्षे युरोपला पाठवतो. एका हंगामात आमच्या तिकडच्या ग्राहकाला 'आमचे बँक खाते बदलले आहे, पुढील रक्कम नव्या खात्यावर पाठवावी' असा ईमेल आमच्या नावाने गेला. आमचेच बोधचिन्ह, आमच्याच मुलाची सही, बीजकाचा क्रमांकही खरा. फरक एवढाच होता की पत्त्यातील इंग्रजी 'एम' या अक्षराच्या जागी 'आर' आणि 'एन' ही दोन अक्षरे चिकटून होती. मोबाइलवर वाचून पाहा, देवाशपथ फरक दिसत नाही. ग्राहकाने पैसे पाठवले, आम्हाला मिळाले नाहीत, आणि दोन महिने एकमेकांवर संशय घेण्यात गेले. पुढे कळले की आमच्याच कार्यालयातील एका मेलबॉक्समध्ये चोर कित्येक आठवडे बसून पत्रव्यवहार वाचत होता. त्याने तिथे असा नियम लावून ठेवला होता की ग्राहकाचे उत्तर आले की ते थेट कचऱ्यात जावे.

त्यानंतर आमचा एकच नियम आहे. खाते बदलाची सूचना आली की जुन्या डायरीतील क्रमांकावर फोन करायचा. ईमेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर नाही. खर्च शून्य.

शेरलोणी | बुधवार, सकाळी ९.०५

आता फोनवरचा आवाजही खरा असेलच असे नाही. अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातील एका कर्मचाऱ्याने २०२४ च्या सुरुवातीला व्हिडिओ बैठकीत आपल्या वित्त प्रमुखांना आणि सहकाऱ्यांना पाहिले, ऐकले आणि त्यांच्या सांगण्यावरून पंधरा हस्तांतरणांत वीस कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. बैठकीतील बाकीची सारी माणसे संगणकाने बनवलेली होती. आधी त्याला ईमेलचा संशय आला होता; चेहरे पाहून तो फिटला.

द्राक्षबाग यांचा नियम मात्र इथेही लागू पडतो, कारण त्यात कोण कसा दिसतो किंवा बोलतो हा प्रश्नच येत नाही; आपण कोणाला फोन लावला एवढेच पाहायचे.

आठवलेम्हणून | बुधवार, सकाळी १०.४०

मुंबईची वीज १२ ऑक्टोबर २०२० रोजी चिनी हॅकरनी घालवली, ते कोणी कसे सांगितले नाही?

लॉगवाचक | बुधवार, दुपारी १.१०

कारण ते सिद्ध झालेले नाही. राज्याच्या गृहमंत्र्यांनी मार्च २०२१ मध्ये सायबर विभागाच्या अहवालाच्या आधारे तशी शंका बोलून दाखवली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी तो मानवी चुकीचा प्रकार असल्याचे सांगितले. ज्या अमेरिकी कंपनीच्या अहवालावरून चर्चा पेटली, त्या रेकॉर्डेड फ्युचरनेही भारतीय वीज क्षेत्रात घुसखोरी आढळल्याचे म्हटले होते, त्या दिवशीच्या अंधाराशी तिचा संबंध सिद्ध झाल्याचे नव्हे. घुसखोरी असणे आणि तिच्यामुळे दिवे जाणे या वेगळ्या गोष्टी आहेत. आम्हा रात्रपाळीवाल्यांना ही चूक फार महाग पडते, कारण प्रत्येक बिघाड हल्ला समजला की खरा हल्ला गर्दीत हरवतो.

उरणकर | बुधवार, रात्री ८.३०

विजेवरून आठवले. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाच्या मालवेअरचा हल्ला झाला, तेव्हा आमच्या न्हावा शेवा (जेएनपीटी) बंदरातील मर्स्क या जहाजवाहतूक समूहाचे टर्मिनलही ठप्प झाले होते. मूळ बाण युक्रेनवर सोडलेला होता. तिथल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो पसरला आणि कोपनहेगनपासून जेएनपीटीपर्यंत सर्वांना लागला. म्हणजे 'आमच्याकडे कोण फिरकणार' म्हणणाऱ्यांना सांगावे, की कोणी न फिरकताही घर जळू शकते.

मर्स्कला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. त्यांच्या साऱ्या जाळ्याची हजेरीपत्रके, म्हणजे कोणाला आत येऊ द्यायचे याच्या याद्या, ज्या सर्व्हरांवर होत्या, ते सगळे एकमेकांची नक्कल ठेवत होते. त्यामुळे एक गेला तसे सगळे गेले. फक्त घानामधला एक वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती.

सातबारा | बुधवार, रात्री ८.३४

महावितरणने हे जाहिरातीत वापरावे.

गावठाण | बुधवार, रात्री १०.१५

सातबारा यांचा विनोद बाजूला ठेवला तर घानाच्या त्या सर्व्हरमध्येच कृष्णाकाठ यांचे उत्तर आहे. जाळ्यापासून तुटलेली प्रत वाचते. रॅन्समवेअरवाले आत शिरल्यावर लगेच कुलूप लावत नाहीत. आधी बॅकअप कुठे आहे ते शोधतात आणि तोच पुसतात. मुख्य सर्व्हरला कायम जोडलेली डिस्क म्हणजे तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीच्याच खिळ्याला टांगणे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक इमारतीबाहेर आणि वायर काढलेली, हा जुना नियम अजूनही सर्वांत स्वस्त आहे.

मी लहान संस्थांची संगणक तपासणी करतो. 'बॅकअप घेता का?' या प्रश्नाला नकार मला आजवर मिळालेला नाही. 'शेवटचा परत चढवून कधी पाहिला?' असे विचारले की खोलीत शांतता पसरते.

दुसरी गोष्ट विक्रेत्यांची. एका संस्थेत मुख्य सर्व्हरवर एनीडेस्क कायम चालू आढळले, म्हणजे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याचा माणूस घरबसल्या कधीही आत यावा म्हणून. पासवर्ड विचारला तर तिथल्या मुलीने कीबोर्ड उलटा केला. मागे चिकटपट्टी होती. पुढच्या महिन्यात दुसऱ्या तालुक्यातील संस्थेत गेलो, पुरवठादार तोच. मी सहज तोच पासवर्ड टाकून पाहू का म्हणून विचारले, परवानगी घेतली, आणि दार उघडले.

३१ जुलै २०२४ ची गोष्ट आपल्या मंडळाला ठाऊक असेलच. सी-एज या तंत्रज्ञान पुरवठादारावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, देशाचे देयक जाळे चालवणाऱ्या एनपीसीआयने त्याला त्या जाळ्यातून तात्पुरते तोडले आणि सुमारे तीनशे लहान बँकांचे यूपीआय व एटीएम व्यवहार थांबले. त्या तीनशे बँकांनी स्वतः काहीच चूक केलेली नव्हती.

तर्कटी | गुरुवार, सकाळी ८.२०

गावठाण यांचे विक्रेत्यांबद्दलचे म्हणणे मान्य. मात्र तीनशे बँकांनी 'काहीच चूक केली नव्हती' हे पटत नाही. पुरवठादार बंद पडला तर काउंटरवर हाताने काम कसे चालवायचे, याचा लेखी आराखडा असणे ही बँकेचीच जबाबदारी आहे.

हिंजवडी_पाळी यांच्यापुढे माघार घेतो. प्रशिक्षणाला विरोध कायम, नियमांना नाही. माझा राग त्या खोट्या ईमेलच्या परीक्षांवर आहे, ज्यात 'दिवाळी बोनसची यादी' असा विषय टाकून शिपायापासून सर्वांना फसवतात आणि नंतर नापासांची नावे फलकावर लावतात. त्यानंतर कोणी खरोखर चुकला तर तो सांगेल का? लपवेल. आणि पहिला तास लपवण्यात गेला की पुढचा आठवडा गेलाच.

कॉव्हेंट्रीहून | गुरुवार, दुपारी ३.४५

मूळचा चिंचवडचा, सध्या इंग्लंडात. हाताने काम चालवण्याच्या मुद्द्यावर इथला एक अनुभव सांगतो, जो आमच्या साऱ्या भागाचा आहे. टाटांच्या मालकीच्या जॅग्वार लँड रोव्हरवर ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस हल्ला झाला आणि सुमारे पाच आठवडे मोटारींचे उत्पादन थांबले. सोलिहल, हेलवुड आणि वुल्व्हरहॅम्प्टन येथील कारखाने उभे होते, माणसे होती, पोलाद होते. परंतु कोणता सुटा भाग कोठे आहे आणि कोणाचे किती देणे आहे, हे सांगणारी यंत्रणा बंद होती. ब्रिटिश सरकारला दीड अब्ज पौंडांच्या कर्जाला हमी द्यावी लागली. येथील सायबर मॉनिटरिंग सेंटरने एकूण नुकसान १.९ अब्ज पौंड आणि बाधित संस्था पाच हजारांवर असल्याचा अंदाज काढला.

चाकण-भोसरीत ज्यांनी लघुउद्योग पाहिले आहेत त्यांना कळेल, की सर्वांत आधी कोण मोडते. मोठी कंपनी पाच आठवडे तग धरते. तिला रबरी वायसर पुरवणारा वीस माणसांचा कारखाना दुसऱ्याच पगाराला गुडघे टेकतो.

कायदेपंडित_नव्हे | गुरुवार, रात्री ९.२०

संचालक म्हणून कृष्णाकाठ यांना तीन गोष्टी ठाऊक असाव्यात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये, म्हणजे कॉसमॉसनंतर दोनच महिन्यांनी, मूलभूत चौकट घालून दिली आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकांचे चार स्तर पाडले; ज्या बँकेच्या डिजिटल सेवा जितक्या जास्त तितकी तिच्यावरची बंधने जास्त. आपली बँक कोणत्या स्तरात बसते हे आधी पाहा, कारण विक्रेते पहिल्या स्तरातील बँकेला चौथ्या स्तराची यंत्रणा विकतात. तिसरे, २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी आहे.

'सहा तास' हे वाचायला सोपे आहे. शनिवारी रात्री आठ वाजता कोणी ऐकलेच नाही, तर ते मोजायला सुरुवात कधी होणार?

निमूटपणे | गुरुवार, रात्री ९.४१

आमच्या कार्यालयात दर तीस दिवसांनी पासवर्ड बदलावा लागतो. सध्या माझा 'श्रावण' चालू आहे. पुढचा काय असेल ते चोरालाही कळेल.

लॉगवाचक | शुक्रवार, सकाळी ७.३०

निमूटपणे यांच्या कार्यालयाला कोणीतरी सांगावे, की अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावण्याची प्रथा सोडून द्यावी असे २०१७ मध्येच म्हटले आहे. लांबलचक पासवर्ड ठेवावा आणि फुटल्याचा संशय आला तरच बदलावा.

शनिवारच्या प्रश्नावर एक व्यवहार्य उपाय सांगतो. एका लहान बँकेला चोवीस तास देखरेख परवडत नाही, परंतु पाच-सहा बँकांनी मिळून ती घेतली तर परवडू शकते. सहकार या शब्दाचा अर्थ आपल्याच जिल्ह्यातल्या माणसांना मी सांगायला नको. तोपर्यंत निदान एवढे करा: सुटीच्या दिवशी कोणाचा फोन वाजेल त्याचे नाव कागदावर लिहा, आणि एटीएम स्विच बंद करण्याचा अधिकार त्या माणसाला अध्यक्षांना न विचारता असू द्या. हल्ला चालू असताना संचालकांची सही मिळवत बसणे म्हणजे आग लागल्यावर पाण्याचे टेंडर काढणे.

कृष्णाकाठ | सतरा दिवसांनंतर, रात्री १०.५०

उशिराबद्दल क्षमस्व. बैठक झाली आणि त्यानंतर जे घडले ते सांगितल्याशिवाय हा धागा सोडणे बरे वाटेना.

मी येथील प्रतिसाद छापून नेले होते. कोल्हापूरच्या एटीएमचा उल्लेख वाचल्यावर दुसऱ्या गटाचा विरोध मावळला, हे पर्वतीपायथा यांचे श्रेय. ठराव असे झाले. बाहेरून होणाऱ्या प्रत्येक प्रवेशाला, विक्रेत्याच्याही, यूएसबी किल्ली लागेल आणि विक्रेत्याचे दार आम्ही उघडल्यावरच उघडेल. एटीएमचा ताळमेळ दर तासाला. सुटीच्या दिवशी नाव लिहिलेला अधिकारी आणि त्याला स्विच बंद करण्याचा अधिकार. यावर दीड तास वाद झाला, कारण अध्यक्षांना 'न विचारता' हे शब्द जड गेले. शेवटी 'विचारण्याची वाट न पाहता' असे लिहिले. शेजारच्या दोन बँकांशी एकत्रित देखरेखीबद्दल बोलणे सुरू आहे. नकाशावाल्या प्रणालीचा विषय सहा महिने पुढे ढकलला. आम्ही सर्वांत खालच्या स्तरात बसतो हे कायदेपंडित_नव्हे यांच्यामुळे पाहिले, आणि त्या यंत्रणेतील निम्म्या गोष्टी आम्हाला लागूच नव्हत्या.

आता गावठाण यांचा प्रश्न. गेल्या रविवारी आम्ही बॅकअप परत चढवून पाहिला. एक जुना सर्व्हर मांडला, दोन्ही मुले आणि मी सकाळी नऊला बसलो. दुपारी एकपर्यंत कळले की सर्वांत ताजी पूर्ण प्रत साडेचार महिन्यांपूर्वीची आहे. डिस्क तेव्हाच भरली होती. यंत्रणा गप्प बसली नव्हती. 'बॅकअप अयशस्वी' असा ईमेल ती दररोज रात्री बिनचूक पाठवत होती. तो जात होता आमच्या आधीच्या संगणक अधिकाऱ्यांच्या पत्त्यावर, आणि ते गेल्या वर्षी निवृत्त झाले.

नवी डिस्क सोमवारीच आणली. दुसरी प्रत दर शनिवारी वायर काढून कराडच्या शाखेच्या तिजोरीत जाते.

लॉगवाचक | त्याच रात्री, ११.२०

बांगलादेशातला प्रिंटर चोरांनी बंद केला होता. तुमचा तर चालू होता.

पर्वतीपायथा | दुसऱ्या दिवशी, सकाळी ८.१०

निवृत्त झाल्यावर त्यांना ते ईमेल दिसत नव्हते, असे समजायचे का?

कृष्णाकाठ | दुसऱ्या दिवशी, सकाळी ११.४५

मीही हेच विचारायला त्यांच्या घरी गेलो होतो. ते म्हणाले, 'पासवर्ड अजून चालतो हो, पण निवृत्त झाल्यावर बँकेचा ईमेल उघडणे बरे दिसत नाही, म्हणून उघडला नाही.'

तर्कटी यांचे कलोनियलचे जुने खाते मला चहा पिता पिता आठवले. या निवृत्त अधिकाऱ्यांचे खाते आज सकाळी बंद केले. त्याच्यासोबत अशी आणखी अकरा खाती निघाली, त्यांच्या धन्यांपैकी दोघे जण हयात नाहीत.